पुढच्या शिडाचा बांबू

रविवार, १२ फेब्रुवारी १९७८

कपाळावर टेंगूळ आहे, तरी राग येत नाही. म्हणजे आला होता, तलावावर. यांनी आमच्या होडीच्या पुढच्या लहान शिडाला खालून आडवा बांबू बांधला. आता होडी वळली की ते शीड आपसूक दुसऱ्या बाजूला जातं, दोरी धरायला कोणी लागत नाही. सोय आहेच, नाही कशाला म्हणू? पण आज वळताना तोच बांबू फाडकन माझ्या कपाळावर बसला.

"लागलं काय वं?" म्हणत यांनी सुकाणू सोडून रुमाल भिजवला. होडी शिरली काठच्या बेशरमाच्या झुडपांत.

"काढा तो बांबू!" मी ओरडले. टेंगूळ हे निमित्तच. आठ वर्षं ती दोरी मी धरत आले. खरं दुखलं ते तिथे. पण सांगणार कसं?

संध्याकाळी पाहते तर बांबू अंगणात, वालाच्या वेलाला टेकू दिलेला.

"काहून काढला? सोय होती ना?"

"होती. पण तू नुसती बसून राहिली की होडीत मी एकटाच आहो असं वाटते."

टेंगूळ आता दुखत नाही. यांना मात्र अजून ठणकतंय असंच सांगितलंय.