दार न उघडलेला रविवार

नुकुआलोफा,
सोमवार, १४ जुलै

प्रिय लिसिआते,

आशीर्वाद, आणि त्यांच्या जोडीला थोडी बोलणी. तुझा निरोप पोचला. "यायचं नसेल तर ताईनं तसं स्पष्ट सांगावं," म्हणे! काल तू दार ठोठावलंस, मी उघडलं नाही, म्हणून तुला राग आला. येणारच. पण आधी बाकीचं ऐक.

ऑकलंडहून विमान वेळेवर आलं. माझी चाकाची खुर्ची सामानात टाकली होती, ती एक चाक वाकडं होऊन बाहेर आली. "मॅडम, तक्रार लिहून द्या." दिली. आता काय तक्रारीवर बसून फिरू? हॉटेलवाल्यांनी तर फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, खोली खुर्चीवाल्यांसाठीच आहे. आहे ना, दाराशी उतार केलाय! न्हाणीघराचं दार मात्र इतकं अरुंद की खुर्ची बाहेरच राहते. पलंग एवढा उंच की निजायचं तरी कुणाला तरी हाक मारायची. शुक्रवारपासून या खोलीत कोंडल्यासारखी बसून आहे. खिडकीतून समुद्र दिसतो, त्याचाही आता वीट आलाय.

शनिवारी गावी, वावाऊ बेटावर, तुझ्या लेकीचं, सेसिलियाचं लग्न; मला न्यायला तू इथवर आलायस. नवरीची थोरली आत्या म्हणून फाहूचा मान माझा, सगळ्यांत वरची बैठक माझी. ती रिकामी राहिली तर गाव काय म्हणेल? भावाचा ट्रक उलटून बहीण अधू झाली, अकरा वर्षं झाली तरी तिनं त्याला माफ केलं नाही. तूही तेच समजतोस, ठाऊक आहे मला.

बरं, लिहूनच टाकते. काल मी आतच होते. जमिनीवर.

रविवार म्हणजे सगळं बंद, हॉटेलची माणसं झाडून सारी चर्चला गेलेली. मी बेसिन धरून न्हाणीघरात सरकायला गेले, ते बेसिनच हललं आणि मी आपटले. अंगावर फक्त टॉवेल. तासभर हाका मारल्या. शेजारच्या चर्चमधली भजनं इतकी जोरात की देवालाही माझी हाक ऐकू गेली नसेल. मग तू आलास, कधी नव्हे तो दारापर्यंत. "ताई, पानांत भाजलेलं लू आणलंय, भट्टीतून आत्ताच काढलंय, गरम आहे." दार माझ्यापासून तीन हातांवर होतं. लिसिआते, मी टॉवेलचा बोळा तोंडात कोंबला. हूं केलं असतं तरी तू दार तोडून आत आला असतास. बहिणीच्या निजायच्या खोलीत भावानं पाऊल टाकायचं नाही, तिला हात लावायचा नाही, हे आपण वयात आल्यापासून पाळत आलोय. तू मला तसं पाहिलं असतंस तर मी शरमेनं मेले असते.

"रागावली असलीस तर शिव्या दे, पण बोल," म्हणालास. मी ऐकत पडून राहिले. तू गेल्यावर मात्र खूप रडले. चार वाजता खोल्या झाडणारी लुपे आली, तिनं उचललं. हे पत्र तिच्याच हाती देतेय, फोनवर मला सांगता आलं नसतं.

राग नाही रे बाबा तुझ्यावर. होता, दोन वर्षं. मग गेला, आणि मी कळवलंच नाही. चुकलंच माझं.

आणि गेली सात वर्षं गावी आले नाही, त्याला कामाचं निमित्त सांगितलं ते खोटं. इथून वावाऊला जाणाऱ्या त्या छोट्या विमानाला नऊ पायऱ्यांची शिडी आहे. गेल्या खेपेला दोन हमालांनी मला तारोच्या कंदांच्या पोत्यासारखं वर चढवलं, आणि वर हसले. ते पुन्हा नको, म्हणून मी ऑकलंडमध्येच दडी मारून बसले.

गुरुवारी तेच विमान आहे. या वेळी परक्याचा हात लागू देणार नाही. तू उचलायचंस मला, सगळ्यांदेखत. लोक तोंडात बोटं घालतील, पाद्रीबुवा डोळे वटारतील. वटारू देत. आपल्यात बहिणीचा मान भावाच्या वरचा असतो, तर हा हुकूम समज. मी जड झालेय, सांगून ठेवते. सकाळी आठला खोलीवर ये. मी आतून हाक मारीन, तू आत ये.

जिचा शब्द तुला मोडता येत नाही ती,
तुझी ताई
कालोलाइने