याकोबची डावी चप्पल

सिरसाळा, रविवार, मार्च १९९३

आज माझ्या डाव्या पायावर घोर अन्याय झाला. परक्याची, बोटभर मोठी चप्पल घालून त्याला पळावं लागलं.

चर्चमधली प्रार्थना बंद ठेवा, असा सरपंचाचा निरोप होता. सकाळीच मी पाळक याकोबला बायबलातलं पौलाचं वचन दाखवलं: अधिकारी देवानंच नेमलेत, त्यांचं ऐका. त्यानं पेत्राचं काढलं: माणसांपेक्षा देवाचं ऐका. म्हटलं, या दोघांनी आधी आपसांत मिटवायचं होतं.

"दोनी खरं हाय, मामा."

पहिल्या गीतालाच सरपंच काठीवाले घेऊन आला. याकोब दारात उभा राहिला. "मारा साहेब, मी हात उचलणार न्हाई. पण प्रार्थना बी थांबणार न्हाई."

पहिली काठी कपाळावर बसली. दुसरीनं मनगट मोडलं, तो आवाज अजून कानात आहे. म्हणजे दोन्ही वचनं त्यानं एकदमच पाळली. आणि मी? मागच्या दाराशी काढलेल्या चपलांतून उजवी माझी, डावी हाताला लागली ती घालून पळालो.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. तो निजला होता. खाटेखाली एकटी उजवी चप्पल. माझ्या पायातली डावी काढली, सदऱ्यानं पुसली, तिच्याशेजारी ठेवली.

घरी एका पायानं अनवाणी आलो.