बसलेला माणूस आणि सुवर्णाची पीएच.डी.

मोताळा,
कापसाची शेवटची वेचणी चालू

आदरणीय गोजरताईस,
धाकट्या पंजाबचा सविनय जय भीम.

ताई, यावेळी आधी तुझी तब्येत विचारतो, भाऊजींची मागून विचारीन. (उलटं झालं म्हणून रागावू नको, आणि भाऊजींना वाचून दाखवताना हे वाक्य गाळ. असं काऊन, ते पुढे लिहिलं आहे.) तर तुझी कंबर कशी आहे? झोप लागते का? जेवण वेळेवर होतं की उभ्या उभ्या? फोनवर विचारलं की तू "बरं हाये" म्हणतेस आणि लगेच फोन अंथरुणावरच्या भाऊजींच्या कानाला लावून देतेस, म्हणून हे पत्र. आम्ही इकडे ठीक. तुझ्या भावजयीचे, भिमाचे, गुडघे कुरकुरतात, पण ती त्यांच्याहून जास्त बोलते म्हणून ऐकू येत नाहीत. पोरगा अश्वजित कृषी केंद्रातच आहे, बियाणं विकतो आणि रोज संध्याकाळी कोणत्यातरी कंपनीची नवी टोपी घालून येतो. राहिली सुवर्णा, आणि हे सारं पत्र तिच्याबद्दलच आहे.

आपली सून बुलडाण्याला नर्सिंगच्या मुलींना शिकवते हे तुला माहीत आहे. आता ती स्वतः पीएच.डी. करते आहे, नर्सिंगमधल्या संशोधनाची, आणि तीही ऑनलाईन. म्हणजे विद्यापीठ कुठेतरी दूर, गाईड मॅडम पुण्याकडच्या, बरोबरच्या मुली कोणी केरळात, कोणी आसामात, आणि हे सगळं भरतं आपल्या मधल्या खोलीत, ज्वारीच्या कोठीशेजारच्या टेबलावर. मी उभा जन्म वीज मंडळात लाईनमन म्हणून खांबावर काढला. तारेतून उजेड येतो हे मला पटलेलं होतं. तारेतून आसाम येतो हे पटायला वेळ लागला. सकाळी बुलडाण्याची गाडी धरायच्या आधी तिचा वर्ग असतो. तेव्हा घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही असा नियम आहे, जो भिमाला लागू नाही. एकदा दारात आलेल्या भाजीवाल्याशी तिनं वांग्यांवरून जे भांडण केलं ते सुवर्णाच्या उघड्या राहिलेल्या माईकमधून साऱ्या वर्गानं ऐकलं. तेव्हापासून आसामची ती मुलगी प्रत्येक वर्गाआधी विचारते, आई कशा आहेत. (भिमाला हे इतकं आवडलं आहे की ती आता माईक चालू आहे का ते पाहून भांडते.)

मला आधी वाटत होतं, संशोधन म्हणजे रक्ताचे नमुने, काचेच्या नळ्या, उंदीर. मी सुवर्णाला विचारलं की उंदीर घरात ठेवणार की कॉलेजात. ती म्हणाली, बाबा, उंदीर नाही, माणसं. लकवा होऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसाची जे घरी सेवा करतात, त्यांचं काय होतं, हे तिला शोधायचं आहे. रुग्णाचं नव्हे, सेवा करणाऱ्याचं. मी सहज म्हणून गेलो, "त्याले काय होते? तो तं चांगला असते." तिनं वही ओढली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. सगळे असंच म्हणतात, म्हणूनच हा अभ्यास आहे, असं तिनं नंतर समजावलं. (माझं वाक्य तिच्या प्रबंधात आहे, नाव न घालता. घातलं असतं तरी माझी हरकत नव्हती, पण त्यांच्यात तसं चालत नाही म्हणे.)

आता असे लोक भेटायचे कुठे, तर गावोगावी. तालुक्यातली गावं मला खांबांवरून पाठ आहेत, गाडी आहे आणि वेळ तर इतका आहे की वाटून उरेल. मी तिचा ड्रायव्हर झालो. काम सोपं दिलं होतं: तिला घरापर्यंत न्यायचं, ती आतल्या बाईशी बोलत असताना रुग्णाजवळ बसायचं आणि गप्प राहायचं. यातलं शेवटचं काम किती अवघड आहे ते तुला कळेल, तू मला लहानपणापासून ओळखतेस.

तर एका गावात सत्यभामाबाई म्हणून आहेत. मळ्यात भाजीपाला करणारं घर. त्यांचे मालक मोतीरामभाऊ लकव्यानं पडून आहेत, उजवी बाजू गेली, वाचा गेली, डोळे मात्र तेज. मी शिरल्या शिरल्या सवयीनं विचारलं, भाऊ कसे आहेत. बाईंनी गोळ्या, तेल, जेवण, सगळं सांगितलं, कोणीतरी पाठ करून घेतल्यासारखं. मग सुवर्णानं विचारलं, "अन् तुम्ही कशा आहात?" ताई, त्या बाईनं मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती. तिला वाटलं, दुसऱ्याच कोणाला विचारते आहे. "मी? मले काय झालं?" म्हणाली आणि हसली. (म्हणून तुझी तब्येत आधी विचारली.)

पुढं सुवर्णा एकेक विचारत गेली आणि बाई पदरात तोंड धरून हो-नाही सांगत गेली. मग तिनं विचारलं, स्वतःच्या कामासाठी, स्वतःच्या मनानं, घराबाहेर शेवटचं कधी गेला होता. बाई गप्प झाली. सुवर्णाही गप्प. मला शांतता सहन होत नाही. आमच्या धंद्यात तार गप्प झाली की काहीतरी बिघडलेलं असतं. मी तोंड उघडणार, गेल्या असतील पोळ्याला माहेरी, असं काहीतरी म्हणणार, तेवढ्यात सुवर्णानं माझ्याकडे असं पाहिलं की मी उघडलेलं तोंड जांभई देऊन मिटलं. बाहेर कोंबडी माती उकरत होती, चुलीवरचं पाणी उकळायला लागलं होतं, आणि ही पोरगी नुसती बसलेली. घाई नाही, आग्रह नाही, घड्याळाकडे नजर नाही. मी विजेची माणसं पाहिली, इंजिनियर पाहिले, पण कोणाला असं थांबताना पाहिलं नव्हतं. त्या थांबण्याचीच जणू बाईला सोबत झाली. मग ती म्हणाली, "मले बाजारात जाचं हाये. काही घ्याचं नाही. निसतं हिंडाचं हाये, अन् मांगून कोणी आवाज नाही देल्ला पायजे."

इथं मी घोळ केला. माझ्या तोंडून निघून गेलं, "जा न मंग. आज बाजारच हाये. मी बसतो भाऊपाशी." बाईनं सुवर्णाकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं, भाऊंनी डोळे मिटून हो म्हटलं. बाईनं केसांवरून फणी फिरवली, चपला पायात सरकवल्या आणि निघूनही गेली. इतक्या झपाट्यानं गेली की मला वाटलं, मनातून ती कधीचीच दारात उभी असणार.

सुवर्णाचा चेहरा उतरला. मी विचारणार, तर भाऊंना कूस बदलायची होती, डोळ्यांनी खुणावू लागले. मी पुढं झालो. चादर ओढली तर भाऊ आले, भाऊंना ढकललं तर चादर गेली, आणि शेवटी मी अर्धा खाटेवर आणि भाऊ अर्धे खाटेखाली अशी वेळ आली. सुवर्णा उठली. एक हात खांद्यामागं, एक कमरेखाली, भाऊंचा गुडघा थोडा वाकवला, आणि ताई, एवढा दांडगा शेतकरी गडी वहीचं पान उलटावं तसा उलटला. मग पाठीला उशी लावली, टाचा उचलून बघितल्या, पायजमा ठीक केला. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण माझं कंबरेत लचक भरल्यामुळं.

बाई बाजार हिंडून परत आली आणि आम्ही निघालो. परतताना सुवर्णानं सांगितलं की मी काय केलं. तिला जे जसं आहे तसं पाहायचं होतं, बदलायचं नव्हतं. आता सत्यभामाबाईंना अभ्यासातून वगळावं लागणार, कारण बाईंच्या दिवसात आपणच हात घातला. मी म्हटलं, एकच तर बाई. ती म्हणाली, एकच, पण तेच बोलणं सगळ्यात खरं होतं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मी तिला म्हटलं, तू सांगूच नको, आसामातून कोण पाहायला आलं होतं. तर म्हणाली, "बाबा, मी पाह्यलं ना."

मग समितीपुढे तोंडी मांडणी करायचा दिवस आला. ती त्यांना हे सगळं सांगणार होती, आणि त्यांनी पद्धतच चुकली म्हटलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मला अन्न गोड लागेना. काहीतरी उपयोग व्हावा म्हणून मी माझ्या हाताखाली शिकलेल्या राजकुमार लाईनमनला फोन केला की आज आपल्या गल्लीची लाईट जाता कामा नये. तो प्रामाणिक माणूस. सकाळीच खांबावर चढला आणि कुठं घासायला नको म्हणून खांबाला लोंबणाऱ्या फालतू तारा त्यानं कापून टाकल्या. लाईट दिवसभर झकास होती. त्या फालतू तारांमध्ये आपली इंटरनेटची तार होती.

सुवर्णा ओरडली नाही. लॅपटॉप उचलला, मोबाईल उचलला आणि गच्चीवर गेली, कारण मोबाईलची रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते. ऊन असं की पडद्यावर काही दिसेना. मग मी छत्री धरून तिच्या मागं उभा राहिलो, अश्वजितनं मोबाईल टाकीला टेकवून धरला आणि भिमा जिन्यात बसली, कोणाला वर येऊ न देण्यासाठी. (कोणी येत नव्हतं.) पडद्यावर मोठमोठी विद्वान माणसं. सुवर्णा इंग्रजीत बोलत होती, आणि मला शब्द कळत नव्हते तरी आवाज कळत होता. त्यात थरथर नव्हती. सत्यभामाबाईंचं नाव तिनं घेतलं नाही, पण कोणती गोष्ट चालली आहे ते मला कळलं, कारण सगळ्या विद्वानांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. एका चष्मेवाल्या सरांनी काहीतरी कडक विचारलं. सुवर्णा थांबली, तशीच, त्या दिवशी थांबली होती तशी, मग शांतपणे काहीतरी म्हणाली. सरांनी चष्मा काढला. गाईड मॅडम हसल्या. आणि पास झालं, ताई. शिवाय अभ्यासाला आणखी एक भाग जोडा असं त्यांनीच सांगितलं: घरातलं दुसरं कोणी काही वेळ रुग्णाजवळ बसलं तर सेवा करणाऱ्यात काय फरक पडतो. काम वाढलं, वर्ष लांबलं, आणि ही पोरगी गच्चीवर आनंदानं रडते आहे. अभ्यास वाढला म्हणून खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

मी अश्वजितला विचारलं, त्या सरांना ती काय म्हणाली. सरांनी विचारलं होतं की तुमचे सासरे प्रत्येक गावात कसे पुरणार. तर ती म्हणाली, "सर, प्रत्येक घरात, नाहीतर शेजारी, असा एक बसलेला माणूस आहे. त्याला कोणी ऊठ म्हटलेलं नाही, एवढंच."

आधी मला अभिमान वाटला. मग अर्थ कळला. गच्चीवरून चौकातली चहाची टपरी दिसते. तिथे माझ्या वयाचे सगळे बसलेले होते, आणि माझी जागा त्यांनी राखून ठेवली होती.

असो. भाऊजींना माझा जय भीम सांग. आता विचारतो, ते कसे आहेत?

तुझा धाकटा भाऊ,
पंजाब

ता.क. तू सुवर्णाच्या अभ्यासात बसत नाहीस, नात्यातली म्हणून. तेव्हा तुला प्रश्न विचारायला कोणी येणार नाही. मी येतो आहे. आठवडाभर भाऊजींपाशी मी बसीन. तू कुठं जाशील ते मला सांगायची गरज नाही. नाही म्हणायचं असेल तर लवकर कळव, म्हणजे मी ते पत्र मिळालंच नाही असं म्हणायला मोकळा.

ता.क. दुसरं. कूस बदलायला मी शिकलो आहे. सुवर्णानं शिकवलं, अश्वजितवर सराव केला. तो त्यातच झोपी गेला, यावरून हात किती हलका झाला असेल ते समज.

ता.क. तिसरं. हे भिमा सांगते आहे आणि मला लिहावं लागतं आहे: बाई, यांच्या भरवशावर राहू नका. तो अश्वजित पडला होता खाटीवरून, झोपला नव्हता. मी संग येते. तुम्ही फक्त चपला घालून ठेवा.