आईने धामणीचं माप घेतलं

प्रिय गुंड्या,

घाईघाईने लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. आज दुपारी आपल्या आईने धामणीचं माप घेतलं. हो, आपल्याच आईने! कटिंगच्या टेबलाखाली पडलेला टेप साप समजून जिची एकदा दातखीळ बसली होती, तीच.

ही धामण आपल्या शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत येते. कातरणांच्या ढिगात उंदरांनी संसार थाटले होते, गिऱ्हाइकांचे कपडे कुरतडायचे. ही आल्यापासून उंदीर औषधालाही सापडत नाही. धामणीला विष नसतं हे तूच शिकवलेलं, म्हणून मी तिच्या वाटेला गेले नाही. ऊन आलं की खिडकीखाली पसरते, जीभ आतबाहेर करत वास घेते. एकदा तिला अख्खा उंदीर डोक्याकडून गिळताना पाहिलं आणि माझी जेवणावरची वासनाच उडाली. हल्ली मात्र मलूल होती, डोळ्यांवर दुधी पडदा. कात टाकायच्या आधी त्यांना धड दिसत नाही, हेही तुझंच. आईला मी यातलं काही कळू दिलं नव्हतं.

आणि आज बघते तर काय, आई उकिडवी बसलेली, एका हाताने शेपटी धरून दुसऱ्या हाताने तिच्या अंगावर टेप लावतेय! मान वळवून मलाच म्हणते, “जरा सरळ राहायला सांग गं हिला. आपल्या गुंड्यासारखीच चुळबुळते.” धामण फुसफुसली आणि अंग ओढत ढिगाखाली गेली. माप अर्धं राहिलं म्हणून आई चिडली.

मला आधी आनंदच झाला रे. वाटलं, म्हातारपणी का होईना, बाई धीट झाली. हसत हसत शेजारच्या डॉक्टरीणबाईंना सांगायला गेले. त्या हसल्या नाहीत. घरी आल्या, आईशी बराच वेळ बोलल्या, बाबा कुठे आहेत विचारलं. आई म्हणाली, बटणं आणायला गेलेत. बाबांना जाऊन किती वर्षं झाली! आईची भीती गेली नाही गुंड्या, ती घाबरायचं विसरली.

तुझ्या सापांच्या पेटीवरून तिने तुला घराबाहेर काढलं, आणि तूही हट्टाने पुन्हा उंबरा चढला नाहीस. डॉक्टरीणबाई गेल्यावर मी मुद्दाम तो विषय काढला. तिला ते भांडण आठवतच नाही. तू आठवतोस. गुंड्या अजून कसा आला नाही म्हणून मघापासून दारात बसून आहे. उद्या तिला काय आठवेल, हे मला कोणी सांगत नाही. भांडण विसरलीय आणि तू अजून आठवतोस, तेवढ्यात ये.

तुझीच,
ताई