हन्नाचा नवस
सिंदेवाही, रविवार, १३ डिसेंबर १९९८

शेवंताला बायबलातल्या हन्नाची गोष्ट मीच सांगितली होती. मूल होत नव्हतं तेव्हा हन्ना देवाला म्हणाली, मुलगा दे, तो तुलाच वाहीन. शेवंताला धीर यावा म्हणून सांगितली, दुसरं काय?

आज ती पोराला गोवराची सुई द्यायला आली. हळूच म्हणाली, "नर्सबाई, मी बी तसाच नवस बोलली. वाघोबाले."

वाघोबाला! कोंबडं नाही, पोरगं कबूल केलं. गावाबाहेरच्या त्याच्या शेंदूर फासलेल्या दगडापाशी परवा वाघाचे पंजे उमटलेले.

"हन्नानं पोरगं कवा देलं?"

"दूध तोडल्यावर." खोटं का नाही बोलले मी?

तिनं पोराला पदराखाली ओढलं. "मंग मी दूध तोडतच नाई."

पोराला दोन दात आलेत.