चौथऱ्यापाशी डावीकडे

३ मार्च
"दोरगल्लीतल्या भावांनो, बहिणींनो! पिढ्यान्‌पिढ्या आपण वळलेला दोर गोदीने परत पाठवला. का? कच्चा होता म्हणून? छे! तो आपण वळला होता म्हणून!"

आजच्या भाषणाची सुरुवात. टाळ्या काय पडल्या! घरासमोरच्या माझ्या चौथऱ्यावरून पाहिलं, तर सगळी गल्ली माना वर करून उभी. गोदी हे शेवटचं मोठं गिऱ्हाईक. ते गेलं की चाकं थांबली, हे सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी आपल्या उलट्या चालीवर आलो. दोर वळणारा कमरेला ताग बांधतो आणि पीळ देणाऱ्या चाकाकडे तोंड करून मागे मागे चालत जातो. मागे वळून पाहायचं नाही. आणि वाटेत एका जागी कमरेतून डावीकडे एक झोका! म्हणालो, "जगातला दुसरा कुठलाही दोरवाला असा झुकत नाही. हा झोका हीच आपली ओळख!" म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले.

ताई मागे उभी होती, बोटांत अडकलेले तंतू काढत. टाळी नाही. नंतर विचारलं, कसं झालं? म्हणाली, "आवाज चांगला लागला."

४ मार्च
गोदीला खरमरीत पत्र. अकराही घरांच्या सह्या. कुणी वाचलंसुद्धा नाही — "तुम्ही लिहिलंय ना, मग झालं!"

७ मार्च
गोदीच्या तपासनिसाने बोलावलं. भांडायच्या तयारीनेच गेलो.

अंगणात आमचे पाच दोर ओळीने पसरलेले, पाच वेगवेगळ्या घरांचे. मी तोंड उघडलं — आकस, अपमान, इतिहास. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बोलून झालं असेल तर जरा हात लावा." प्रत्येक दोर एकाच अंतरावर मऊ. पीळ सुटलेला. माझ्या पुस्तकी बोटांनासुद्धा कळलं! "यंदापासून आम्ही दोर हातभर-हातभर तपासतो. बाकी उत्तम आहे हो," तो म्हणाला. "चाकापासून चौसष्ट पावलांवर तुमच्या गल्लीत आहे तरी काय?"

म्हणालो, काही नाही.

८ मार्च
चाकापासून पावलं मोजत निघालो. चौसष्टावं पाऊल माझ्या दारात.

माझा चौथरा! तीन पायऱ्या, वर कठडा. बारा वर्षांपूर्वी बांधला, भाषणासाठी.

खिडकीत बसलो. ताई मागे मागे येत होती. चौथऱ्यापाशी आली — न बघता डावीकडे झुकली, पुढच्या पावलाला पुन्हा सरळ. तेवढ्यात ताण सैल पडला. मग उलटेकाका आले (गल्लीतले सगळ्यात जुने कारागीर, बाजारातही मागे मागे चालतात अशी थट्टा). तेही झुकले. संध्याकाळपर्यंत सगळे. ती ओळख नाही, माझ्या चौथऱ्याला दिलेली वाट आहे! आणि मी त्या झोक्यावर 'आपली ओळख' म्हणून लेख लिहिला. तो लोकांनी चौकटीत लावला. कुणाच्या घरी जेवायला बसलो की समोर तोच.

पुस्तकांची तीन कपाटं वाचून काढली. दारातून जाणारा दोर काही वाचता आला नाही.

९ मार्च
ताईला विचारलं, मला कुणी सांगितलं कसं नाही?

"मी सांगितलं होतं. पाया खणत होते तेव्हा. तू म्हणालास, मग लोकांनी ऐकायचं कुठून?"

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. हेच जास्त लागलं.

"आणि पुढे तो लेख आला. लोकांना आवडला रे. तुझ्या तोंडावर कोण बोलणार?" तागाची पेंडी बांधत म्हणाली, "सोमवारपासून मी खोक्यांच्या कारखान्यात जाते. पॅकिंगला. बसून काम आहे."



११ मार्च
कबुलीचं भाषण लिहायला घेतलं. इतकं सुंदर उतरलं की शरम वाटली. फाडलं.

१२ मार्च
सगळ्यांना बोलावलं. खाली उभा राहून सांगितलं — चूक गोदीची नाही, आपली नाही, माझी. चौथरा माझा, सैल पीळ माझा.

मग कुणीतरी म्हणालं, "वा! किती मोठं मन!" आणि टाळ्या! अरे, टाळ्या कसल्या वाजवता! उलटेकाका तेवढे पुढे आले. "बाळा, आम्ही उलटं चालतो, पण जातो मुक्कामाला. तू सरळ बोलतोस आणि आम्हाला गुंगवतोस. पहार आहे का घरात?"

नव्हती. त्यांनीच आणली.

१३ मार्च
दुपारपर्यंत चौथरा गेला. पहिला घाव मी घातला — वाकडा बसला. पोरी हसल्या. बरं वाटलं.

गोदीला नवा दोर पाठवला. सोबत पत्र नाही.

१७ मार्च
तपासनिसाची चिठ्ठी, एका ओळीची. "अजून मऊ आहे. त्याच जागी."

विश्वास बसेना. गल्लीत जाऊन उभा राहिलो. उलटेकाका आले. चौसष्टाव्या पावलावर, मोकळ्या जमिनीवर, काहीही नसताना — डावीकडे झुकले! त्यांच्यामागून आलेलेही झुकले. विटा निघाल्या. मी मात्र त्यांच्या कमरेत तसाच.

ताई कालपासून कारखान्यात जाते. अजून एकच दिवस झालाय.

१८ मार्च
अकराही दारांखाली चिठ्ठ्या सरकवल्या. आयुष्यातलं सगळ्यात छोटं लिखाण:

"उद्यापासून रोज सकाळी चौसष्टाव्या पावलावर, तुम्ही झुकता त्या बाजूला मी उभा असेन. बोलणार नाही. हलणार नाही. झुकलात तर माझ्यावर आदळाल. आदळा. पण माझ्यासाठी वाट सोडू नका."

ताईच्या चिठ्ठीत एक ओळ जास्त: "कारखान्यात जाऊ नकोस. कमरेला ताग बांध आणि सरळ ये."