सासऱ्यांच्या बोटीचं चित्र

३ नोव्हेंबर
धक्क्यासमोर दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली. सासरे तीस वर्षं फेरीबोटीचे कप्तान. बोट आता बंद आहे, महिनाअखेर भंगारात जाणार. त्याआधी मी तिचं ऑइल पेंटिंग करायचं. "मागे काहीतरी राहू दे," म्हणाले. आम्ही पडलो सागरचित्रकार! आठवड्याचं काम.

४ नोव्हेंबर
सासरे बोट दाखवायला न्यायला आले. जिना उतरलो आणि परत फिरलो. मासळी, डिझेल, चिखल. शी! समुद्र लांबूनच बरा. म्हटलं, आर्टिस्टला बोट दाखवावी लागत नाही.

७ नोव्हेंबर
खिडकीतून लगेच ओळखली. काळी, रुंद, छाती काढून उभी. वर शेकडो पांढरे पक्षी घिरट्या घालतायत. याला म्हणतात रुबाब! पण ऐन खिडकीसमोर कसलंसं गंजकं डबडं आणून ठेवलंय. अर्धा व्ह्यू खातं. बघूनच मळमळतं. बंदराच्या ऑफिसात कम्प्लेंट केली.

१३ नोव्हेंबर
हवा दमट, रंग वाळत नाहीत. खिडकी बंद केली तरी सडका वास येतो. त्या डबड्याचाच, दुसरं काय! उद्यापासून पहाटे पाचला उठणार. नो एक्सक्यूज.

१४ नोव्हेंबर
साडेनऊला जाग. पहाटेचा उजेड तसा ओव्हररेटेडच.

२२ नोव्हेंबर
आकाश झालं. फर्स्ट क्लास! बायको म्हणते, निदान एकदा खाली जाऊन बोट बघून तरी या. हिला कॉम्पोझिशनमधलं काय कळतंय, कप्पाळ!

२७ नोव्हेंबर
सुटलो बाबा एकदाचा! डबडं ओढून नेलं. भोंगा वाजवून वाजवून कान किटवले. धक्क्यावर ही गर्दी, काही जण तर चक्क डोळे पुसत होते. भंगारासाठी रडतात, कमाल आहे! पण कम्प्लेंटचा परिणाम झाला म्हणायचा. व्ह्यू मोकळा. आता बोट झपाट्याने उरकतो.

३० नोव्हेंबर
चित्र दाखवलं. सासऱ्यांनी चष्मा पुसून चित्र जवळून बघितलं. मग हळूच म्हणाले, "जावईबापू, ही बंदरातला कचरा नेणारी बोट."
बायको उठून आत गेली. मी उजेड, अँगल वगैरे काहीबाही बोललो. ते म्हणाले, "माझी तुमच्या खिडकीसमोरच होती की. फोटो कधी काढला नाही आम्ही. आता आठवून काढा, तुमची नजर पक्की आहे." चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. वर स्वतःच नवा कॅनव्हास आणून दिला.

२ डिसेंबर
सकाळपासून कॅनव्हाससमोर. धुराडं एक होतं की दोन? रंग कुठला? महिनाभर नाकासमोर उभी होती आणि मला फक्त गंज आठवतोय. माझीच किळस आली.
जिन्यावर सासऱ्यांची पावलं. कुठवर आलं, विचारतील.
आकाश काढायला घेतलं.